नऊ गाड्या, एक बाक

सियांतार, ६ सप्टेंबर १९९३

होरास मामा,

हे पत्र तिऊरच्या बाबांच्या हाती देतेय. गुरुवारी त्यांची गाडी लागुबोतीवरून सिबोल्गा बंदराकडे जाईल, तेव्हा तुमच्या दारात हॉर्न वाजवतील. उत्तर परतीच्या फेरीला त्यांच्याकडेच द्या. पोस्टाने पाठवलंत तर मिळेपर्यंत नाताळ येईल.

बाबांना जाऊन वर्ष झालं. नऊच्या नऊ मालवाहू गाड्यांचा धंदा मी चालवतेय. बिन्सारदादाने जाकार्ताहून स्पष्ट कळवलंय, "नववर्षाला घरी येतो. तोवर गाड्या धड चालल्या तर बघू, नाहीतर विकून टाकू." मामा, आपल्या रीतीप्रमाणे वडिलांचं सगळं मुलाचं. मी मुलगी. त्याने मला जी संधी दिलीय ती उपकार म्हणूनच दिलीय, आणि ती नववर्षापर्यंतच आहे. या गाड्यांशिवाय मला दुसरं काही करायचं नाही, हे तुम्हाला सांगायला नको. सहा वर्षांची असल्यापासून तुमच्या जॅकजवळ बसून मी ग्रीस फासलंय.

मी नुसती बसून नाही. दर पाच हजार किलोमीटरला तेल बदलते, चुकवत नाही. प्रत्येक ड्रायव्हरला छापील चिठ्ठी देते. ब्रेक, क्लच, टायर, दिवे, जे खराब असेल त्यावर खूण करायची आणि चिठ्ठी फाटकातल्या पेटीत टाकायची. तुम्ही गेल्यापासून बाहेरचा मिस्त्री येतो आणि चिठ्ठीत असेल ते दुरुस्त करतो. फाटकाजवळचा तुमचा तो कॉफीचा बाक काढून टाकला. तिथे माणसं तासतासभर बसायची आणि गाड्या रिकाम्या उभ्या राहायच्या. शिवाय आईचे गुडघे दुखतात, दिवसभर किटली घेऊन तिने का उभं राहायचं?

एवढं करूनही ऑगस्टात तीन गाड्या रस्त्यात बंद पडल्या. एकदा तर नियास बेटाला जाणारी बोट चुकली आणि पिठाची पोती धक्क्यावर भिजली. आणि मामा, त्या तिन्ही गाड्यांच्या चिठ्ठ्यांवर "बरी आहे" असंच लिहिलेलं होतं. माझं काय चुकतंय?

तुमची भाची,
रुमोंदांग

*

लागुबोती, ११ सप्टेंबर

रुमोंदांग पोरी,

पत्र पोचलं. तुझ्या 'होरास'ला माझाही होरास, सुखी राहा. तिऊरच्या बाबांनी हॉर्न असा वाजवला की शेजारची कोंबडी अजून परतलेली नाही.

तुझी चिठ्ठी पाहिली. तिऊरच्या बाबांच्या खिशात तीन होत्या, आधीच भरलेल्या. मी विचारलं, "ही परवाच्या फेरीची आत्ताच भरलीस?" तर म्हणतो, "मामा, बरी आहे ते बरी आहे. रोज काय नवीन लिहायचं?" मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. इंजिनाचं मला जे कळतं ते चहामळ्याच्या कारखान्यात शिव्या खाऊन कळलंय. पण एवढं सांगतो, नऊ गाड्या या रस्त्यावर धावतात आणि नऊच्या नऊ बऱ्या असतात, असं झालं तर समजायचं की कुणीतरी दुखणं अंगावर काढतंय.

आता बाकाचं. तू बाक काढलास याचा मला राग नाही. बाक कशासाठी होता हे तुला कुणी सांगितलंच नाही, आणि हा दोष माझा. पोरी, आपल्याकडे एक ड्रायव्हर आणि एक गाडी अशी दहा-दहा वर्षांची जोडी असते. गाडीतली खोड म्हणजे त्या माणसाच्या घरातली खोड. ती ऑफिसात, कागदावर, नाव लिहून कोण सांगेल? आपला ड्रायव्हर वागिमान तर जावाचा, भिडस्त माणूस. बायको त्याला तव्याने मारत असली तरी तो म्हणेल, "नाही नाही, ती भाकरी उलटत होती."

म्हणून तो बाक. आल्यावर ज्याची गाडी ठणठणीत, तो कॉफी उभ्याने प्यायचा आणि घरी जायचा. ज्याच्या गाडीत काही असेल, तो बसायचा. तोंडाने बोलायचा पावसाचं, फुटबॉलचं, सासूचं. मी आपला मुकाट उठून त्याच्या गाडीमागे जायचो. तो दुसरा पेला मागायचा, म्हणजे दुखणं मागच्या चाकांत. एकही शब्द न बोलता सत्तावीस वर्षं असं चाललं.

बाक परत लाव. किटली आईला नाही, फाटकावरच्या माणसाला दे. तिच्या गुडघ्यांना पेरूचा पाला गरम करून बांध.

तुझा मामा

*

सियांतार, ५ ऑक्टोबर

होरास मामा,

बाक परत लावला. किटली फाटकवाल्याला द्यायला गेले तर आई रुसली. "माझी किटली मी कुणाला देणार नाही, गुडघे मोडले तरी चालतील." मग तिला उंच स्टूल करून दिलं. आता ती त्यावर बसून हुकूम सोडते.

पण मामा, पहिल्या दिवशी काय झालं माहितीय? सगळेच बसले! आठ जण एका बाकावर. नववा बाकाच्या काठावर लटकत होता. मी आनंदाने आत जाऊन मिस्त्रीला बोलावलं, "नऊच्या नऊ गाड्या बिघडल्यात!" त्याने दोन दिवस खालून वरून तपासलं. पाचांत काहीच निघालं नाही. मी तिऊरच्या बाबांना विचारलं, "तुमच्या गाडीत काही नव्हतं, मग बसलात कशाला?" ते म्हणाले, "बाई, वर्षभराने कॉफी मिळाली. बसू नको काय?"

तेव्हापासून कोण कॉफीसाठी बसतं आणि कोण गाडीसाठी, हे मला ओळखता येत नाही. मी जवळ गेले की ते फुटबॉलचं बोलणंही बंद करतात. तुम्हाला त्यांच्या गप्प राहण्यातलंही कळायचं. मला तर त्यांच्या बोलण्यातलंही कळत नाही. काल अजून एक गाडी तारुतुंगजवळ बंद पडली. डिझेल फिल्टर चिखलाने भरला होता. महिनाभर ती चढावर धापा टाकत असणार, आणि तिचा ड्रायव्हर रोज बाकावर बसून सासूबद्दल बोलत होता.

मामा, आठ दिवस या. फक्त आठ दिवस. नाताळचा माल सुरू व्हायच्या आत नऊ गाड्यांवर तुमचा हात फिरू दे. तुमची खोली आईने झाडून ठेवलीय.

रुमोंदांग

*

लागुबोती, ९ ऑक्टोबर

पोरी,

आठ जण बाकावर, हे वाचून हसता हसता माझी कवळी पडली.

यायला मला आवडलं असतं. पण नेमकी म्हैस व्यालीय. रेडकू अशक्त आहे, दर दोन तासांनी पाजावं लागतं. त्यात चर्चचं छप्पर गळतंय, आणि पत्रे चढवायचं काम माझ्याच गळ्यात आलंय. इथून जमेल तेवढं सांगतो.

गाडी फाटकातून आत आली की ड्रायव्हरकडे बघूच नकोस. आलेल्या गाडीच्या चाकांच्या मध्यावर उलटा तळहात ठेव. चारही चाकं सारखीच कोमट हवीत. एखादं चटका देत असेल तर ब्रेक धरून राहतोय, नाहीतर बेअरिंग गेलंय. एखादं गार लागलं तर त्या चाकाला ब्रेक लागतच नाही. टायरवर लाकडी दांडका मार. नारळासारखा भरीव वाजला तर ठीक, पिकल्या फणसासारखा वाजला तर हवा मोजून बघ. आणि टाकीतलं डिझेल तळापासून थोडं बाटलीत घेऊन उन्हात धर. पाणी खाली बसलेलं दिसेल.

ड्रायव्हरची जीभ गप्प राहील, पोरी. चाक गप्प राहत नाही.

तुझा मामा

*

सियांतार, १९ ऑक्टोबर

मामा,

तळहात ठेवला. दोन चाकं चटका देणारी सापडली. दुरुस्त झाली. उपकार झाले.

पण एक विचारू? पत्र वाचून मी तिऊरच्या बाबांना म्हटलं, "मामांच्या रेडकासाठी गूळ घेऊन जा." त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे बघितलं आणि म्हणाले, "बाई, मामांकडे म्हैस कधी होती?" जी म्हैसच नाही ती व्याली कशी, मामा? आणि चर्चचं छप्पर गेल्या इस्टरला नवीन झालंय, हे आईला तिच्या नणंदेने सांगितलं.

तुम्हाला यायचं नाही, एवढंच ना? मग तसं लिहा. तीन वर्षांपूर्वी तुम्ही अचानक पाना ठेवून गावी गेलात. बाबांनी मला सांगितलं, "मामा थकलाय." मी विश्वास ठेवला. आता वाटतं, तुम्ही बाबांवर रागावून गेलात आणि तो राग अजून माझ्यावर काढताय. की मी बाक काढला म्हणून? लोक म्हणतात, कामापुरता मामा. माझं तसं झालं असेल तर माफ करा. बाबांच्या आजारपणात दोन वर्षं मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि गाड्या बंद पडायला लागल्यावर लिहायला बसले. पण मामा, मला फक्त गाड्यांसाठी तुम्ही हवे आहात असं नाही.

रुमोंदांग

*

लागुबोती, २३ ऑक्टोबर

पोरी,

म्हैस नाही. कधीच नव्हती. सासऱ्यांनी लग्नात एक देऊ केली होती, तीही मी घेतली नाही. गूळ मीच खाल्ला.

रागाचं म्हणशील तर तुझ्यावर नाही, तुझ्या बाबांवरही नाही. दाजींसारखा माणूस मला मेहुणा म्हणून मिळाला हे माझं भाग्य. बाकीचं विचारू नकोस. काही झाकणं उघडली की आतलं दूध नासतं.

ब्रेकचं सांभाळ. नाताळचा माल म्हणजे भरगच्च गाड्या, आणि सिबोल्गाकडचा उतार म्हणजे बाराशे वळणं. गार चाक शोधायला विसरू नकोस. मला चटक्यापेक्षा गारव्याची भीती जास्त वाटते.

मामा

*

सिबोल्गा, १७ नोव्हेंबर

मामा,

हे इस्पितळाच्या ओट्यावर बसून लिहितेय. वागिमान काका जिवंत आहेत, हे आधी सांगते.

काल सकाळी पिठाची भरलेली गाडी घेऊन ते उतार उतरत होते. अर्ध्यावर पेडल थेट तळाला गेलं. पुढे वळणावर शाळेची मुलं चालली होती. काकांनी गाडी डोंगराच्या बाजूला घातली. केबिन चेपलं, गळ्याचं हाड मोडलं, दोन बरगड्या गेल्या. रस्ता पांढरा झाला होता, मामा, बर्फ पडल्यासारखा. मुलं पीठ गोळा करायला धावली, आणि एकाच्याही अंगावर ओरखडा नाही.

मी दुपारी पोचले. मला बघून काका उठायला लागले. पट्ट्यांत बांधलेले, तरी उठून नमस्कार करायची धडपड! मी म्हटलं, "काका, पडून राहा."

"ताई, गाडीचं नुकसान झालं."

"गाडी मरू दे. ब्रेकचं कधीपासून होतं?"

त्यांनी पट्टीची गाठ चाचपली. मग म्हणाले, "तीन आठवडे. पेडल जरा खाली जायचं. दोनदा दाबलं की लागायचं."

"मग सांगितलं का नाही? बाकावर रोज बसत होतात."

"म्हणूनच बसत होतो, ताई."

मामा, ते बसत होते. तीन आठवडे रोज बसत होते. दुसरा पेलाही मागत होते. आईला वाटलं, काकांना कॉफी फार आवडते. मी चाकांवर हात ठेवत होते, पण आठवड्यातून एकदाच, आणि ज्या दिवशी ठेवला त्या दिवशी त्यांची गाडी उशिरा आली होती.

मी विचारलं, "निदान चिठ्ठीत तरी लिहायचं." काका म्हणाले, "तुमचे मामा असते तर लिहावं लागलं नसतं."

मला आता चालवता येणार नाही. मुलांना काही झालं असतं तर? दादा नववर्षाची वाट बघतोय, मी त्याला उद्याच कळवते की विकून टाक. निदान माझ्या हातून कुणी मरायला नको.

रुमोंदांग

*

लागुबोती, १८ नोव्हेंबर

रुमोंदांग,

पत्र बिन्सारला पाठवू नकोस. पाठवलं असशील तर दुसरं पाठव, आणि त्यात लिही की मामाचं ऐकेपर्यंत थांब.

हे पत्र लिहायला मला तीन वर्षं लागली. अक्षर वाकडं आहे. कारण पुढे कळेल.

तीन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, वागिमानच्याच गाडीचं पुढचं उजवं चाक मी काढून बसवलं. पोर्सियाच्या शेतांजवळ ते चाक निघालं आणि भातात गेलं. गाडी संथ होती, म्हणून कुणाला काही झालं नाही. वागिमान उतरला, चाक शोधलं, नट बघितले. त्याला सगळं कळलं. दोन नट मी हातानेच फिरवून सोडले होते, पान्याने आवळलेच नव्हते. आवळले असं मला वाटलं होतं. माझा उजवा हात तेव्हापासूनच थरथरतो, पोरी. पाना धरला की जोर कुठे जातो ते मला कळत नाही.

वागिमान परत आला आणि तुझ्या बाबांना म्हणाला, "खड्ड्यात आदळून बोल्ट तुटले." मग बाकावर येऊन बसला आणि दोन पेले कॉफी प्यायला. माझ्याकडे बघितलंही नाही. मीही बोललो नाही. त्याने मला वाचवलं आणि मी ते गिळलं. आठ दिवसांनी मी पाना ठेवला आणि "थकलोय" म्हणून गावी आलो. दाजी मला निरोप द्यायला बसस्टँडवर आले, माझी पिशवी त्यांनी स्वतः उचलली. तेव्हाही माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. ते गेले, आणि आता सांगायला कुणी उरलं नाही. मी रागाने नाही गेलो. लाजेने गेलो.

आणि आता आणखी एक. कालपासून मला झोप नाही, म्हणून नीट विचार केला. मी तुला मोठ्या तोऱ्यात लिहिलं की बाक म्हणजे किती शहाणपण! पण बाकाने काय केलं? नऊ माणसांना सत्तावीस वर्षं शिकवलं की गाडीचं दुखणं तोंडाने सांगायचं नसतं. मामा ओळखेल. मामा गेला आणि ती मुकी भाषा वाचणारं कुणी उरलं नाही. तू बाक काढून चूक केलीस असं मी म्हणालो होतो. खरी चूक बाक काढण्यात नव्हती, पोरी. एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर सगळा कारभार टांगून ठेवला, ती चूक होती. वागिमान तीन आठवडे गप्प राहिला, कारण गप्प राहणं म्हणजे माणुसकी, हे त्याने माझ्याचसाठी एकदा करून दाखवलं होतं.

आता माझं एक काम कर. हे पत्र फाटकात सगळ्यांसमोर मोठ्याने वाच. एकही ओळ गाळू नकोस. हाताबद्दलचीसुद्धा.

मामा

*

सियांतार, ३ डिसेंबर

होरास मामा,

वाचलं.

रविवारी चर्च सुटल्यावर सगळ्यांना बोलावलं. आठही आले. आई स्टुलावर बसली होती. "हातानेच फिरवून सोडले होते" इथे आले तेव्हा आईने किटली खाली ठेवली. मी शेवटपर्यंत वाचलं. मला वाटलं, आता हे उठून जाणार, मामांची अब्रू चव्हाट्यावर आणली म्हणून.

मग तिऊरचे बाबा घसा खाकरून म्हणाले, "माझ्या गाडीचा मागचा स्प्रिंगचा पाटा तुटलाय."

मी म्हटलं, "कधी?"

"ऑगस्टात. तारेने बांधलाय."

शेजारचा सियाहान भडकला, "ऑगस्टात? आणि मला म्हणत होतास, पाठ दुखते म्हणून!"

"पाठ दुखतेच की रे. तुटक्या पाट्यावर बसून तुझी दुखली नसती काय?"

"आणि तूच परवा मला सांगत होतास की तुझी गाडी पाळण्यासारखी चालते."

"पाळणाच आहे. एका बाजूला जास्त झुलतो."

सगळे हसले, मामा. आणि मग बांध फुटल्यासारखं झालं. माझा क्लच जळतोय. माझा डावा दिवा जून महिन्यापासून नाही, मी समोरच्याच्या उजेडात चालवतो. सियाहान खाली मान घालून म्हणाला, "माझं पेडलसुद्धा दोनदा दाबावं लागतं." तो परवाच मुलीला शेजारी बसवून उतार उतरून आला होता.

संध्याकाळपर्यंत मी एक्केचाळीस बिघाड लिहून घेतले. एक्केचाळीस! मी कागदावरचं "बरी आहे" बघून रोज निश्चिंत राहत होते.

पुढचं तुम्हाला आवडणार नाही कदाचित. मी आठही गाड्या थांबवल्या. तीन दिवस. ऐन नाताळच्या हंगामात. सिबोल्गाच्या मालवाल्या शेठजींनी फोनवर माझ्या सात पिढ्या काढल्या. नियासची बोट आपल्या मालाशिवाय गेली. ड्रायव्हर घरी गेले नाहीत. प्रत्येकाने आपल्या नाही, शेजाऱ्याच्या गाडीवर काम केलं. ही माझी अट होती. ज्याचं दुखणं त्याला सवयीने दिसेनासं होतं, शेजाऱ्याला दिसतं. मिस्त्री फक्त मध्ये उभा राहून सांगत होता. आता हीच रीत ठेवलीय. गाडी आली की दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर तिला हात लावून बघतो आणि जे असेल ते मोठ्याने बोलतो. सध्या नुसती भांडणं. "तुझ्या टायरकडे बघ आधी!" पण बघतात.

वागिमान काकांना भेटून आले. त्यांना पत्र वाचून दाखवायचं धाडस झालं नाही, हातात दिलं. त्यांनी वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "मामांना सांगा, चाक भातात पडलं म्हणून शेतमालकाने आम्हाला एक कोंबडी दिली होती. ते त्यांना सांगायचं राहूनच गेलं." मग तोंड भिंतीकडे फिरवलं.

दादाला शेठजींनी सगळं कळवलंय. तो तेविसालाच येतोय. आधी तुमच्याकडे उतरणार, मग इकडे. एक गाडी मोडली, एक ड्रायव्हर इस्पितळात, आठ गाड्या तीन दिवस बंद, बोट चुकली. त्याच्या हिशेबात मी हरलेच. आपल्यात भाचा मामाचा शब्द मोडत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मामा, माझी वकिली करू नका. जे झालं ते फक्त सांगा. गाड्या गेल्या तर खरं बोलून जाऊ देत.

रुमोंदांग

*

लागुबोती, २४ डिसेंबर

पोरी,

बिन्सार काल दुपारी आला. रीतीप्रमाणे डुकराचं मटण घेऊन आला, आणि रीतीप्रमाणे तुझ्या मामीने त्याला अख्खा मासा वाढला, हळदीत आणि झणझणीत आन्दालिमान मिरीत शिजवलेला. शहरात राहून त्याची जीभ मऊ झालीय. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, "रडू नकोस, अजून मी काही बोललेलोच नाही."

जेवल्यावर त्याने कागद काढले. बाबांच्या वेळी वर्षात किती गाड्या बंद पडल्या, तुझ्या वेळी किती. म्हणाला, "मामा, तुम्हीच बघा. बाबा आजारी पडायच्या आधीच्या वर्षी चार. हिच्या वर्षात अकरा. आणि वर तीन दिवस गाड्या उभ्या ठेवल्या. बाबांनी एक दिवस तरी ठेवल्या असत्या का?"

तू म्हणालीस वकिली करू नका, म्हणून केली नाही. मी माझा हात त्याच्या पुढे धरला. बघ म्हटलं, हा तुझ्या बाबांच्या वेळचा हात. मग चाकाचं सांगितलं. वागिमानचं सांगितलं. कोंबडीचंही सांगितलं.

तो हाताकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "म्हणजे बाबांच्या वेळीही बिघडत होत्या."

"बिघडत होत्या. बरंचसं मी बाकामागे जाऊन झाकून टाकायचो. जे मला दिसलं नाही ते भातात जायचं, आणि आपण म्हणायचो खड्डा होता."

"आणि बाबांना?"

"माहीत नव्हतं. मी होऊ दिलं नाही."

मासा तसाच गार झाला. तुझ्या मामीने दोनदा विचारलं, आवडला नाही का रे? शेवटी त्याने विचारलं, "तीन दिवस गाड्या उभ्या ठेवल्या त्यानंतर किती बंद पडल्या?" मी म्हटलं, "तिलाच विचार." तो म्हणाला, "विचारलंय. कालच्या फोनवर. एकही नाही." आणि मग हसला, लहानपणी तुझ्या वाटणीचं केळं खाऊन हसायचा तसा. म्हणाला, "मला मेलेल्या माणसाशी तिची तुलना करायला नको होती. मेलेल्याची गाडी कधी बंद पडत नाही." आणि म्हणाला, "कागद तिच्या नावावर करतो. आपल्या रीतीत नाही बसत. मामा, तुम्ही बसवून घ्याल?" मी म्हटलं, "भाच्याला एक गोष्ट द्यायचा मामाला हक्क आहे. मी तुला ही परवानगी देतो."

वाचताना पत्र हातातून पडेल, म्हणून हेही लिहून टाकतो. तुझ्या बाबांनी मला पिशवी उचलून बसमध्ये बसवलं, त्या दिवसापासून मला वाटत होतं, एवढ्या मोठ्या गोष्टीची आता फेड होणार नाही. तू आठ माणसांसमोर ते पत्र वाचलंस, एकही ओळ न गाळता. तू फेडलंस, पोरी. माझंही आणि त्यांचंही. ही गोष्ट मला तुझ्या तोंडावर बोलता येणार नाही, म्हणून लिहायला बसलो.

कारण हे पत्र या वेळी तिऊरच्या बाबांच्या खिशात नाही. माझ्याच खिशात आहे. बिन्सार म्हणाला, "मामा, तुम्हीही चला." मी हाताचं निमित्त काढायला गेलो, तर म्हणतो, "हात तिच्याकडे भरपूर आहेत." दोघं मिळून निघालोय. पत्र मीच तुला देईन आणि तू तिथेच उभ्याने वाचशील.

वाचून झालं की लगेच वर बघू नकोस. म्हाताऱ्याला नाक पुसायला जरा वेळ दे.

तुझा मामा
मांगिहुत